शेजारचे दोन दात

पुणे
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५
सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

आत्ताच कामाचा ॲप्रन धुऊन दोरीवर टाकला, हात कोरडे केले आणि लिहायला बसलो. तुझे पत्र सोमवारी लॅबच्या पत्त्यावर मिळाले. तुमच्या आश्रमशाळेत अजून मोबाईलला रेंज नाही, हे वाचून मला वाईट वाटायला हवे होते, पण वाटले नाही. फोनवर माझे शब्द एकमेकांवर चढतात. कागदावर नीट रांगेत येतात. अकरावीत शाळा सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ सुटले नाहीत, ते तुझ्या छडीमुळे.

तू विचारले आहेस, लॅबमध्ये नवीन काय. नवीन म्हणजे अनिरुद्ध. मार्चमध्ये आला. डिप्लोमा आहे. तुला माहीत आहे, आमच्याकडे दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या जबड्याचे माप येते आणि त्यावरून आम्ही दात बनवतो. सहा वर्षे ते माप माझ्या हातात येत होते. मी प्लास्टर ओतायचो, मेण लावायचो, धातू ओतायचो. माझ्या प्लास्टरमध्ये बुडबुडा नसतो, हे आप्पासाहेबांनीही दोनदा मान्य केले आहे, आणि ते मालक आहेत. आता डॉक्टर पेशंटच्या तोंडात पेनासारखा कॅमेरा फिरवतात आणि चित्र थेट अनिरुद्धच्या संगणकावर येते. तो खुर्चीत बसून दात बनवतो. कानात गाणी असतात. मला म्हणतो, "दादा, चिल मारा, प्लास्टर कुठे पळून जात नाही."

सध्या एक केस आली आहे, म्हणून लिहितो. पेशंट तनुजा. या डॉ. प्रियदर्शनी यांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसतात. मी रोज अकरा वाजून दहा मिनिटांनी तयार दातांचे डबे घेऊन जातो तेव्हा त्या सही करतात. बाकी काही ओळख नाही. वडील मार्केट यार्डात माल तोलण्याचे काम करतात. बीकॉमच्या शेवटच्या वर्षी, परीक्षेच्या गडबडीत यांची खालची डावी दाढ किडली, दुखणे अंगावर काढले, शेवटी काढावी लागली. आमच्या भाषेत छत्तीस नंबर. चहात साखर कमी घेतात. चार वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, "तुमच्या डब्यावरच्या चिठ्ठीत एखादी चूक सापडली ना, तर मी पेढे वाटीन." अजून वाटलेले नाहीत.

डॉक्टरांनी त्यांना दोन पर्याय सांगितले. जुना म्हणजे, रिकाम्या जागेच्या शेजारचे दोन्ही दात चहूबाजूंनी घासून खुंटीएवढे करायचे आणि तिघांवर मिळून एक ब्रिज बसवायचा. नवा म्हणजे सिरॅमिकचा एक दात, त्याला दोन्हीकडे पातळ पंख. शेजारचे दात आतल्या बाजूने जेमतेम खरवडायचे आणि पंख त्यांना चिकटवून टाकायचे. जुना मी करतो. नवा अनिरुद्ध.

गुरुवारी तो दातांचा रंग जुळवायला दवाखान्यात आला. रंगांच्या पट्ट्या घेऊन तनुजा यांच्या तोंडाशी वाकला. त्या "आ" करून बसल्या होत्या. मधे त्याने काही म्हटले आणि त्या तोंड उघडे ठेवूनच हसल्या. मी डबे घेऊन उभा. चौदा मिनिटे लागली. मी रंग जुळवतो तेव्हा तीन लागतात.

आईला सांग, मी जेवतो.

तुझा,
रतन

•

मेळघाट
शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रिय रतन,
जयभीम.

"बाकी काही ओळख नाही" असं लिहून तू मला वडिलांचा धंदा, चहातली साखर आणि परीक्षेचं वर्ष कळवलं आहेस. पोलिसांतही जायला हरकत नव्हती तुला.

इकडे थंडी सुरू झाली. पोरं अंघोळीला सरळ नाही म्हणतात, मग योगेश सर चुलीवर पाण्याचं मोठं भांडं चढवतात आणि एकेकाला उचलून आणतात. काल स्वयंपाकाची मुक्ताई आजारी होती तर सरांनीच भात केला. करपला. सर म्हणाले, "करपलेला भात पचायला हलका असतो." मुलांनी विश्वास ठेवला आणि खाल्ला. परवा सर परतवाड्याला जाणार आहेत, तेव्हा हे पत्र तेच टाकतील.

आता तुझ्या केसबद्दल. मला दातांतलं कळत नाही. पण तुझं पत्र वाचून जे कळलं ते असं, की एका पद्धतीत शेजारचे दोन दात बारीक करतात आणि दुसरीत करत नाहीत. मग यात विचार करण्यासारखं काय आहे? एवढं मोठं पत्र कशासाठी?

चौदा मिनिटं मोजलीस म्हणजे तुझं घड्याळ ठीक चालतंय. बाकी तुझं काय चालतंय ते नीट लिही. लहानपणी आईने माझी वेणी आधी घातली तर तू जेवायचा नाहीस, ते मी अजून विसरलेले नाही. मागच्या आठवड्यात घरी गेले तर आई विचारत होती, "रतन काऊन असा गप्प गप्प बोलते फोनवर?"

तुझी ताई,
दीक्षा

•

पुणे
गुरुवार, २० नोव्हेंबर
दुपारी २ वाजून ५ मिनिटे, जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुझ्या पत्रात "सर" हा शब्द चार वेळा आहे. मी दोनदा मोजला. मागच्या पत्रात तीन वेळा होता. सहज लिहितो, दुसरे काही नाही.

केसचा निकाल लागला. तनुजा यांनी जुना ब्रिज करायचे ठरवले आहे. दात घासायची तारीख शनिवार, २९ नोव्हेंबर, दुपारी चार. म्हणजे माप माझ्याकडे येणार, प्लास्टर माझे, मेण माझे, धातू माझा. पंधरा-वीस वर्षे तरी त्या ब्रिजला काही होणार नाही. त्या जेवतील, हसतील, म्हाताऱ्या होतील, आणि आत माझे काम असेल. हे मी फक्त तुला लिहितो आहे.

तू विचारशील, त्यांनी कसे ठरवले. मी जबरदस्ती केली नाही. लॅबमध्ये परत आलेल्या कामांचा एक डबा आहे. त्यात पंख असलेला एक ब्रिज सापडला. तो मंगळवारी घेऊन गेलो आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"हे काय?" म्हणाल्या.

"पंखांचा ब्रिज. निघून आलेला."

"असा निघतो?"

"हा निघाला."

"जेवताना?"

"तेव्हाही निघू शकतो."

"आणि गिळला गेला तर?"

मी गप्प बसलो. गप्प बसणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे ना, ताई?

त्या म्हणाल्या, "पण अनिरुद्ध तर म्हणाले की नीट चिकटवला तर वर्षानुवर्षे टिकतो."

मी म्हणालो, "त्यांना येऊन आठ महिने झालेत."

त्या बराच वेळ तो ब्रिज उलटासुलटा करून बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही कधी उगाच बोलत नाही. तुम्ही म्हणता म्हणजे विचार करायला हवा." दुसऱ्या दिवशी अकरा-दहाला गेलो तर ठरले होते. अनिरुद्धला फोन करूनही सांगितले होते. तो लॅबमध्ये दिवसभर विचारत होता, "दादा, माझं काही चुकलं का? इतके क्लीन दात आहेत तिचे, कशाला कापायचे?" मी ॲप्रन शोधत होतो.

तुझ्यापासून काही लपवायचे नाही म्हणून लिहितो. तो डब्यातला ब्रिज २०११ सालचा होता. पंख धातूचे होते, सिरॅमिकचे नव्हते. दात समोरचा होता, दाढ नव्हती. त्या काळी चिकटवायचा मसालाही वेगळा होता. आणि पेशंटने तो सहा वर्षे वापरला होता. पण निघाला होता, हे खरे आहे.

शेजारचे पस्तीस आणि सदतीस हे दोन्ही दात मी त्यांच्या स्कॅनमध्ये पाहिले. एकही डाग नाही.

तुझा,
रतन

•

मेळघाट
मंगळवार, २५ नोव्हेंबर

रतन,

तुझं पत्र आज मिळालं. हे लगेच लिहून योगेश सरांकडे देते आहे. ते आत्ता परतवाड्याला निघालेत आणि स्पीड पोस्ट करतील. (हो, "सर". मोज.)

त्यांनाच तिथून तुला फोन करायला सांगणार होते. पण अनोळखी नंबर तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी त्यांचा आवाज ऐकून माझं म्हणणं तुझ्या डोक्यात शिरणार नाही. म्हणून माझ्याच अक्षरात वाच.

साल २०११, पंख धातूचे, दात समोरचा, मसाला जुना, सहा वर्षं टिकला. हे सगळं तू मला लिहिलंस. मला, जिच्या तोंडात काहीच बसवायचं नाहीये. यातलं एक तरी वाक्य तिला सांगितलंस का? तिने तुला विचारलं, गिळला गेला तर? तेव्हा तू गप्प बसलास आणि वर मला विचारतोस, हे खोटं बोलणं नव्हे ना. माझ्या वर्गातला दुसरीचा पोरगाही हे विचारताना खाली बघतो.

तुझा राग अनिरुद्धवर आहे. दात त्याचे कापले जाणार आहेत का? त्याच्या जबड्यातले दोन काप, मी काही म्हणणार नाही. पण ती पोरगी तुझ्यावर विश्वास ठेवून खुर्चीत बसणार, दोन धडधाकट दात घासून घेणार, आणि तू त्या खुंट्यांवर मेण लावत बसणार, आपलं काम तिच्या तोंडात आहे म्हणून खूश. रतन, तू वाईट नाहीस. पण हे वाईट आहे.

आपल्या आईने तुला सहा वर्षांपूर्वी पुण्याला पाठवलं तेव्हा तिच्या दंडावरची वाकी विकून पाठवलं. तू लोकांना नीट चावता यावं असं काम करतोस, याचं तिला किती कौतुक आहे, तुला माहीत नाही. ती बाजारात बायकांना तोंड उघडायला लावून दाखवते, "असे दात करते माझा पोरगा."

शनिवारच्या आधी जा. सगळं सांग. अर्धं नको. कसं सांगायचं याचा मसुदा करत बसू नकोस, तो तू चार दिवस करशील.

दीक्षा

•

पुणे
रविवार, ३० नोव्हेंबर
सकाळी ६ वाजून २० मिनिटे

प्रिय ताई,

तुझे पत्र शनिवारी मिळाले. आदल्या दिवशी नाही, शनिवारीच. पोस्टमन बाराला येऊन गेला होता, पण मी कोथरूडला डबे द्यायला गेलो होतो. परत आलो तेव्हा तीन वाजून पन्नास मिनिटे झाली होती. आप्पासाहेब म्हणाले, "तुमचं स्पीड पोस्ट आलंय. आमच्या टेबलाला तुम्ही पोस्ट ऑफिस समजता, हे आम्हाला आज कळलं."

उभ्यानेच वाचले. मग जिना उतरायला लागलो. वरून आवाज आला, "कुठे निघालात? दुकान विकलं का आम्ही?" मी उत्तर दिले नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा.

चार वाजून बारा मिनिटांनी दवाखान्यात पोचलो. बाहेरच्या टेबलावर कोणी नव्हते. तिथे बसणाऱ्या तनुजा आत खुर्चीत होत्या. आतून मशीनचा आवाज येत होता. मी दार ढकलले. चपला काढायच्या राहिल्या, ते नंतर लक्षात आले.

डॉक्टर म्हणाल्या, "रतन? डबा बाहेर ठेव."

"डबा नाही आणला, मॅडम. मशीन थांबवा."

"काय?"

"मी तनुजा यांना चुकीचं सांगितलंय. मशीन थांबवा."

आवाज थांबला. तनुजा यांच्या तोंडात कापूस होता, डोळ्यांवर तो मोठा चष्मा. त्यांनी चष्मा काढला. मी सगळे सांगितले. तू म्हटले होतेस, अर्धे नको. सालापासून सुरुवात केली, मग धातू, मग समोरचा दात, मग मसाला, मग सहा वर्षे. डॉक्टर हातमोजे घातलेले हात हवेत धरून ऐकत होत्या.

"मी हिला दोनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "दोनदा म्हटलं, तनुजा, दात चांगले आहेत, का कापतेस? दोनदा म्हणाली, रतन उगाच सांगणार नाहीत. मला वाटलं, लॅबचा माणूस आहे, काही पाहिलं असेल."

"किती घासलंय?" मी विचारले.

"सदतीस. आतल्या कडेला. अर्धा मिलिमीटर." त्यांनी पुन्हा वाकून पाहिले. "पस्तीसला हात लावलेला नाही. हे एवढं पंखाच्या बैठकीत जाईल. अजून दहा मिनिटांनी आला असतास तर मला सांगायलाही काही उरलं नसतं."

तनुजा यांनी हाताने खूण केली. जबडा बधिर होता, बोलता येत नव्हते. डॉक्टरांनी अपॉइंटमेंटची वही आणि पेन दिले. त्यांनी लिहिले आणि वही माझ्याकडे वळवली.

"का?"

मी म्हणालो, "अनिरुद्ध."

त्यांनी लिहिले, "त्यांचं काय?"

"ते चौदा मिनिटं रंग जुळवत होते. तुम्ही हसलात."

डॉक्टरांनी तोंड फिरवले. तनुजा यांनी माझ्याकडे पाहिले. अर्धा ओठ बधिर, त्यामुळे चेहऱ्यावर काय आहे ते मला कळेना. मला एकदा वाटले, हसतील. मग त्यांनी लिहिले, आणि पेन इतके दाबले होते की मागच्या पानावर उमटले असेल:

"माझ्या तोंडात कोणाचं काम असावं हे ठरवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?"

ताई, मी म्हणालो, नवा ब्रिज जुन्यापेक्षा दोन हजार सहाशे रुपयांनी महाग आहे, तो फरक मी भरतो. त्यांनी वही मिटली, चष्मा लावला आणि खुर्चीत मागे टेकल्या. डॉक्टर म्हणाल्या, "रतन, जा आता. आणि चपला बाहेर काढत जा."

लॅबमध्ये परत येऊन अनिरुद्धलाही सांगितले. त्याने कानातले काढले. म्हणाला, "दादा, त्या दिवशी मी तिला विचारत होतो की डॉक्टर वेळेवर पैसे देतात का लॅबला. म्हणून हसली ती." मग पुन्हा कानात घातले. माझ्याशी अजून बोललेला नाही.

रात्रभर विचार केला. एकच गोष्ट बरी वाटते. ते दोन हजार सहाशे मी भरले तर ब्रिज अनिरुद्धने केला तरी तो निदान माझ्या पैशाचा असेल.

तुझा,
रतन

•

मेळघाट
शुक्रवार, ५ डिसेंबर

प्रिय रतन,
जयभीम.

गेलास, थांबवलंस, पूर्ण सांगितलंस. बरं केलंस. शाबासकी देत नाही, कारण ती तुला आठ दिवस पुरेल आणि तू पुन्हा मोजायला लागशील.

पण शेवटच्या चार ओळी वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. पैसे देऊन तिच्या तोंडात जागा घ्यायला निघालास? फरक भरणं ही भरपाई असेल तर भर आणि विसर. तो तुझा हिस्सा असेल तर भरू नकोस. तिला हे तुझ्याआधी कळेल, बघच.

उद्या सहा डिसेंबर. पोरांना बाबासाहेबांवर चार-चार वाक्यं बसवली आहेत. एकाचं पाचवं वाक्य स्वतःचं आहे, "त्यांना खूप भूक लागायची पण ते वाचत बसायचे." काढायला सांगितलं नाही.

आता माझं. योगेश सर आणि मी लग्न करतो आहोत. रविवार, १ फेब्रुवारी, अचलपूरच्या विहारात. त्यांच्या घरचे देशमुखांतले. वडील आधी दीड महिना बोलले नाहीत, आता फोनवर हवामान विचारतात. आईला दिवाळीतच सांगितलं होतं. तुला सगळ्यात शेवटी सांगते आहे. मी घाबरले होते, हे खरं. मला वाटलं, तू येणार नाहीस. किंवा येशील आणि मांडवात कोपऱ्यात बसून सर माझ्याशी किती वेळ बोलले ते मोजशील.

मला तू हवा आहेस तिथे. तुझं उत्तर येईपर्यंत मी कोणाला पत्रिका देणार नाही.

तुझी,
दीक्षा

•

पुणे
रविवार, २१ डिसेंबर
दुपारी १२ वाजून १५ मिनिटे

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुझे पत्र दहा तारखेला मिळाले. आज एकवीस. मधल्या अकरा दिवसांत मी तीन उत्तरे लिहिली आणि फाडली. पहिल्यात अभिनंदन होते आणि खाली चार प्रश्न होते, सर काय शिकले आहेत, पगार किती, वगैरे. दुसऱ्यात लिहिले होते की आईला दिवाळीत सांगितलेस तर मला का नाही. तिसऱ्यात काहीच नव्हते, फक्त तारीख. जेवलो नाही असे झाले नाही. एकच दिवस.

आधी इकडचे सांगतो.

तनुजा यांच्या ब्रिजची चिठ्ठी एक तारखेला आली. शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात होते, "काम अनिरुद्ध यांनीच करावे." आप्पासाहेबांनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "आपली कीर्ती दवाखान्यापर्यंत पोचली, वाटतं." अनिरुद्धने नऊ दिवस घेतले. पाठवण्याआधी आप्पासाहेबांनी तो ब्रिज तपासायला माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "स्वभाव काहीही असो, डोळा तुमचाच आहे."

मी भिंग लावून चाळीस मिनिटे पाहिला. खरे लिहितो, मला दोष सापडायला हवा होता. पंखाची कड जाड असेल, सांधा बारीक असेल, चावताना कुठे उंच लागत असेल. सगळीकडे पाहिले. पंख दोन्ही दातांच्या आतल्या बाजूला असे बसत होते की नखाला फट लागत नव्हती. सदतीसच्या त्या अर्ध्या मिलिमीटरच्या जागीही त्याने पंख तेवढाच जाड ठेवला होता, अगदी बरोबर. माझ्या प्लास्टरमध्ये बुडबुडा नसतो, पण असे काम मला येत नाही. चिठ्ठीवर "ठीक" लिहिले आणि सही केली. अनिरुद्ध म्हणाला, "एवढंच?" मी म्हणालो, "उत्तम आहे." मग त्याने चहा मागवला. दोन.

बारा तारखेला चिकटवला. मी तिथे नव्हतो. अनिरुद्धने सांगितले, दातांभोवती रबराचा पडदा लावतात, आत थुंकीचा थेंबही जाऊ देत नाहीत, मग चिकटवतात आणि निळा दिवा धरतात. सव्वा तासाचे काम. त्या रात्री त्यांनी भाकरी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी आल्या म्हणे सांगायला. त्याला सांगायला.

तू लिहिलेस तरी मी पाकीट दिलेच. दोन हजार सहाशे, वरती काही लिहिले नाही. सोमवारी टेबलावर ठेवले. मंगळवारी अकरा-दहाला गेलो तर ते माझ्या डब्यांवर ठेवलेले.

"तुमचं पाकीट राहिलं काल," त्या म्हणाल्या.

"ते तुमचं आहे."

"माझं बिल मी भरलंय. तुमचं माझ्याकडे काही नाही आणि माझं तुमच्याकडे काही नाही. इथे सही करा."

मी सही केली. त्यांनी चिठ्ठ्या तपासल्या. आधी तपासताना काहीतरी म्हणायच्या. आता म्हणत नाहीत. पण हे मान्य करावे लागेल की परवा मी दवाखान्याचा जिना उतरत असताना अनिरुद्ध वर चढत होता आणि वरून त्यांचे हसणे ऐकू आले. मी थांबलो नाही. मोजले नाही. घड्याळ खिशात होते.

आता तुझे. योगेश सरांना माझा नमस्कार सांग. मुलांना उचलून अंघोळीला नेणारा माणूस बरा असावा असे वाटते, म्हणजे वाटायला लागले आहे. त्यांच्यासाठी शर्टाचे कापड घेतले. आधी साडेचारशेचे घेतले होते. घरी येऊन पाहिले, तर ते मी मुद्दाम साडेचारशेचे घेतले आहे हे माझ्या लक्षात आले. परत गेलो आणि साडेसहाशेचे आणले. दुकानदार म्हणाला, "बदलून महाग नेणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघितलं." पत्रिका छापून घे. मी लग्नाच्या आधीच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतो, म्हणजे शनिवारी आईबरोबर तांदूळ निवडायला असेन. मांडवात पुढे बसेन.

हिशेब लिहून ठेवतो, म्हणजे तुला वाटायला नको की उसने काढून काहीतरी केले.

झालेला खर्च:
गाडीचे तिकीट, जाऊन-येऊन: २,३००
तुझी साडी (हिरवी नाही, तुला आवडत नाही): २,४००
योगेश सरांचे शर्टाचे कापड: ६५०
हे पत्र, स्पीड पोस्ट: ५०
एकूण: ५,४००

पैसे कुठून:
पाकिटातले परत आलेले: २,६००
माझे: १,३००
आप्पासाहेबांकडून उचल: १,५००

देणे:
आप्पासाहेबांना: १,५००, फेब्रुवारी-मार्चच्या पगारातून
तनुजा यांना: काही नाही, असे त्या म्हणतात

तुझा,
रतन